वसई की रेवदंडा-कोर्लई? पोर्तुगीजांच्या मागावर एकच दिवस असेल तर

मसाल्यांसाठी पोर्तुगीज आले, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. पण मूठभर गलबतांच्या जोरावर त्यांनी अख्ख्या समुद्राच्या वाटा कशा अडवल्या, हे जागेवर जाऊन समजून घ्यायचं असेल आणि मुंबईहून जाऊन-येऊन एकच दिवस हाताशी असेल, तर निवड वसई आणि अलिबागपुढचं रेवदंडा-कोर्लई या दोन ठिकाणांत करावी लागते. माझा कौल कोर्लईला आहे. तो सगळ्यांच्या सोयीचा नाही, हेही खरं.

वसईला जाणं सोपं. वसई रोडला उतरा, तिथून बस किंवा रिक्षा. किल्ल्याच्या आत सपाटी आणि झाडी, त्यामुळे म्हातारी माणसं आणि पोरंटोरं असतील तर दुसरा विचारच नको. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई, आणि तिच्यासोबत मुंबईची बेटंही, पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्या तहात एक कलम होतं: तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईहूनच निघायचं, परतताना वसईलाच यायचं आणि जकात भरायची. म्हणजे समुद्र सगळ्यांचा, पण परवाना पोर्तुगीजांचा. हे कलम डोक्यात ठेवून गेलात तरच वसईचा अर्थ लागतो. कारण डोळ्यांना दिसतात ती चर्चं, मठ, कमानी. पैसा आल्यावर स्थिरावलेलं शहर. इथे जन्मलेला गोन्सालो गार्सिया मिशनऱ्यांसोबत जपानला गेला, मग व्यापारात पडला, पुढे फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती संन्यासी झाला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. वसईचा वारा कुठवर वाहत होता, ते यातून कळतं. आणि 1739 ची चिमाजी अप्पांची मोहीम हाच तुमचा खरा ओढा असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही.

रेवदंड्याला मात्र व्यापारी वाटांसाठीची शर्यत अजून चालू असल्यासारखी वाटते. हे जुन्या चौलचं बंदर. मिरी तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे व्हेनिसला जायची आणि वाटेत कैरोच्या ममलुक सुलतानाची तिजोरी भरायची. पोर्तुगीजांनी ती वाट तोडायला घेतली, तेव्हा सुलतानाने आरमार थेट हिंदुस्थानात धाडलं. 1508 मध्ये चौलच्या खाडीत त्या आरमाराचा सेनानी अमीर हुसेन आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ यांनी पोर्तुगीजांना गाठलं. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचं जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकलं आणि तो तिथेच मेला. पुढच्याच वर्षी बापाने दीवला सूड घेतला.

कोर्लईच्या डोंगरावरून हे सगळं एका नजरेत येतं. खाली खाडीचं मुख, पलीकडे रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. पोर्तुगीजांची कोंडी करायला निझामशाहीने या डोंगरावर गड उभारला. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी तोच जिंकला आणि मुखाचे दोन्ही काठ त्यांच्या हाती आले. आता आत-बाहेर करणारं प्रत्येक गलबत तोफेच्या टप्प्यात. व्यापारी वाट ताब्यात असणं म्हणजे काय, हे इतकं स्वच्छ सांगणारी जागा वसईत नाही. खालच्या कोर्लई गावात काही कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. गावाचं हे घरगुती बोलणं आहे, पर्यटकांसाठीचा खेळ नव्हे, एवढं भान ठेवावं.

तोटेही आहेतच. अलिबाग गाठून पुढे रेवदंडा आणि मग खाडीवरचा पूल ओलांडायचा, यात दिवस निघून जातो. दीपगृहाजवळून गडावर चढायचं, वर सावली नावाला. रेवदंड्याच्या कोटात वाड्या आणि घरं पसरलेली असल्याने अवशेष शोधावे लागतात. चर्चचा उंच मनोरा तेवढा चुकत नाही.



गेटवेहून अलिबागच्या वाटेवरच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि कोर्लईची पायवाट निसरडी होते. तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये बेत असेल, तर माझा कौल बाजूला ठेवून सरळ वसईची गाडी पकडा.