बालीत पैसे बदलताना शेवटची मोजणी तुमची हवी

बालीतल्या कुटा आणि लेगियनच्या गल्ल्यांमध्ये डॉलरचा भाव लिहिलेले फळे पावलोपावली दिसतात. त्यातला सगळ्यात चढा भाव जिथे लिहिलेला असेल, तिथून सरळ पुढे चालू लागा. एकट्याने फिरत असाल तर दुप्पट वेगाने.

मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत कॅश काउंटरवर बसते. दिवसभर नोटाच मोजत असते, त्यामुळे ‘नीट मोजून घ्यायचे ना’ हा सल्ला मला, बालीत पैसे बदलताना फसून घरी आल्यावर, ज्यांनी ज्यांनी दिला, त्यांच्यासाठी खास लिहितेय. मोजून घेतले होते. मोजणी बरोबरच होती. या धंद्यात खेळ मोजणी झाल्यानंतर सुरू होतो.

आधी भावाचं गणित. ही गोष्ट २०२५ मधली. त्या दिवशी चांगल्या, परवानाधारक दुकानांत एका डॉलरला साधारण १६,३०० इंडोनेशियन रुपिया मिळत होते. मी गेले त्या गल्लीतल्या दुकानाच्या फळ्यावर होते १६,६००, आणि खाली ‘नो कमिशन’. तीनशे डॉलर बदलायचे तर फरक पडतो ९०,००० रुपियांचा. ऐकायला केवढी रक्कम, पण आपल्या पैशात पावणेपाचशे रुपयांच्या आसपास. आमिष एवढंसंच असतं. फार मोठं दाखवलं तर गिऱ्हाईक बिचकतं.

दुकान म्हणजे तरी काय, टीशर्ट आणि लाकडी मांजरं विकणाऱ्या गाळ्याच्या पार मागे एक उंच टेबल, त्यावर मोठा कॅल्क्युलेटर, टेबलाच्या माझ्या बाजूच्या कडेला कनांग सारी ठेवलेली. कनांग सारी म्हणजे नारळाच्या कोवळ्या पात्याची छोटी परडी, तिच्यात फुलं, वर उदबत्ती. बालीत ती घरासमोर, दुकानासमोर, फुटपाथवर, सगळीकडे असते. तुम्ही खाली बघून चालला नाहीत तर पाय पडेल इतकी. तिथे ती जरा जास्तच उंच रचली होती आणि तिच्यामागे टेबलाची पलीकडची कड दिसत नव्हती. आपण कोणाच्या नैवेद्याला हात लावत नाही. हे त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं.

इंडोनेशियात १,००,००० ची लालसर नोट असते. तिच्यात पैसे दिले असते तर पन्नासेक नोटांत काम झालं असतं. त्याने काढल्या ५०,००० च्या निळ्या. ‘लाखाच्या संपल्या’ म्हणाला. कॅल्क्युलेटरवर मला आकडा दाखवला, ४९,८०,०००, तो बरोबर होता (काही ठिकाणी कॅल्क्युलेटरही बिघडवलेला असतो, म्हणून स्वतःच्या मोबाइलवर हिशेब करा). मग वीस-वीस नोटांच्या थप्प्या माझ्यासमोर मांडल्या. चार थप्प्या म्हणजे चाळीस लाख, पाचवीत एकोणीस नोटा, वर सुटे. मी एकेक थप्पी हातात घेऊन मोजली. निळ्या नोटा नव्व्याण्णव, बरोबर. सुटे मात्र तीस हजारांऐवजी वीसच हजार.

इथे खरी कारागिरी आहे. ही दहा हजारांची तूट त्याने मुद्दाम ठेवलेली असते. कारण ती तुम्ही पकडावी अशी त्याची इच्छा असते. तुम्ही ‘दहा कमी आहेत’ म्हणता, तो कपाळावर हात मारतो, ‘सॉरी सॉरी’ म्हणतो, आणि सगळ्या थप्प्या परत आपल्याकडे ओढून घेतो. तूट दुरुस्त करायला म्हणून. त्या क्षणी तुम्ही जिंकलेले असता. त्याची चूक धरलेली असते, आता तो तुम्हाला वचकून असणार असं वाटत असतं. आणि नोटा त्याच्या हातात परत गेलेल्या असतात.

त्याने दहा हजारांची जांभळी नोट वर ठेवली, पाचही थप्प्या एकत्र केल्या आणि कडा जुळवायला गठ्ठा टेबलावर दोन-तीनदा आपटला. आता ही आमच्या रोजच्या हातवळणाची गोष्ट. कोणताही कॅशियर नोटा आपटूनच सरळ करतो, त्यात वावगं काही दिसायचं कारणच नाही. पण टेबलाच्या पलीकडच्या कडेला फट असते आणि खाली खण उघडा. आपटताना मागच्या बोटांतून दहा-पंधरा नोटा खाली सुटतात. वरची नोट, खालची नोट आणि तुमच्याकडची कड जागेवरच असते. त्याच वेळी टीशर्टांमधून दुसरा पोरगा आला, ‘इंडिया? शाहरुख खान!’ म्हणाला आणि ‘कुछ कुछ होता है’ची एक ओळ गायला लागला. इंडोनेशियात हे खरोखरच प्रेमाने गाणारी माणसं भेटतात, म्हणून तर चालतं. गठ्ठा मधोमध दुमडून, रबर लावून, लिफाफ्यात घालून माझ्या हातात आला. दुमडलेला गठ्ठा जाडच लागतो. पावती नाही, पासपोर्ट मागितला नाही.

खर्चाला विमानतळावरच्या एटीएममधून काढलेले थोडे रुपिया होते, त्यामुळे लिफाफा दुपारपर्यंत उघडायची वेळच आली नाही. अॅपवरून मोटारसायकल मागवून उलुवातूला गेले. समुद्राच्या उभ्या कड्यावर बांधलेलं मंदिर, खाली पांढऱ्या लाटा फुटताहेत, दारातच कमरेला सारोंग गुंडाळायला देतात. तिथल्या माकडांबद्दल वाचलेलं होतं, म्हणून टोपी आणि मोबाइल पिशवीत. चष्मा मात्र डोळ्यांवर लागतोच ना. भिंतीवरून एक हात आला आणि चष्मा गेला.

उलुवातूच्या माकडांचा हा रीतसर व्यवहार आहे. वस्तू उचलायची आणि खाऊ मिळाला की सोडायची. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर अभ्यास करून २०२१ मध्ये निबंध छापला. मोठी झालेली माकडं माणसाला जास्त मोलाची वाटणारी वस्तू हेरून उचलतात आणि तिच्या बदल्यात जास्त किंवा आवडीचं खाणं मिळेपर्यंत अडून बसतात, असं त्यांना आढळलं. माझ्या माकडाने पहिलं फळ नाकारलं. दुसरं घेतलं आणि चष्मा खाली टाकला. एका काडीवर दातांचे व्रण आहेत, बाकी शाबूत. सकाळच्या दुकानदारापेक्षा चोख व्यवहार.

फळं देणाऱ्या मंदिराच्या माणसाला बक्षिसी द्यायला लिफाफा उघडला. रबर काढून गठ्ठा सरळ केला आणि बोटांनाच कळलं. शंभर नोटांची गड्डी रोज हातात असते, तिच्या जवळपासचं वजन हे नव्हतं. चिंचोळ्या सावलीत भिंतीला पाठ लावून (माकडं अजून बघतच होती) मोजलं. निळ्या नोटा पंच्याऐंशी. चौदा गायब. सात लाख रुपिया, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या वर.

संध्याकाळी तिथे केचक नाच असतो, दिवेलागणीला उघड्यावर, रामायणाची कथा, पुरुषांचा घोळका तोंडाने ‘चाक-चाक’ असा ताल धरतो आणि शेवटी हनुमान आगीत शिरतो. तो बघायला म्हणूनच दुपारी उशिरा गेले होते. सोडावा लागला. परतीला अॅपची गाडी मिळेना. त्या भागात बाहेरच्या अॅपवाल्यांनी प्रवासी उचलायला स्थानिक चालकांचा विरोध आहे, तशा पाट्याही आहेत. स्थानिक गाडी करावी लागली, जाताना लागले त्याच्या कितीतरी पट पैसे गेले. उलुवातूला जाणार असाल तर जाण्या-येण्याची गाडी आधीच ठरवा.

होमस्टेच्या मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी गल्लीचं नाव विचारलं, मान हलवली आणि मुलाला माझ्याबरोबर धाडलं. ‘पोलिसांकडे नंतर जा, आधी दुकान उघडं असेपर्यंत तिकडे जा.’ सल्ला लाख मोलाचा होता.

टेबल तिथेच होतं. माणूस दुसरा. त्याने मला ओळखलं नाही हे ठीकच, पण असा कोणी माणूस तिथे बसतो हेही त्याला माहीत नव्हतं. पावती मागितली. नाही म्हटल्यावर हसला. मग फार गोड आवाजात म्हणाला, ‘व्यवहार आवडला नसेल तर रद्द करू. तुम्ही सगळे ४९,८०,००० परत द्या, मी तुमचे तीनशे डॉलर देतो.’

या उत्तरापुढे मी क्षणभर थक्क झाले. माझ्याकडे ४२,८०,००० होते. त्यातून तो व्यवहार रद्द करायला सात लाख मीच घालायचे! हे वाक्य तो पहिल्यांदा बोलत नसणार.

मुलगा एवढा वेळ गप्प होता. आता तो बालीनीज भाषेत बोलायला लागला. मला त्यातला ‘बंजार’ एवढाच शब्द कळला. बंजार म्हणजे तिथली वस्तीची पंचायत. गाळे कोणाच्या जमिनीवर आहेत, कोण काय धंदा करतो, हे तिला ठाऊक असतं आणि तिचा वचक पोलिसांपेक्षा कमी नसतो. दुकानदाराचं हसू गेलं. थोडी घासाघीस झाली आणि त्याने ५०,००० च्या सहा नोटा टेबलावर टाकल्या. ‘एवढेच. दुकान बंद.’

मी त्या तिथेच उभी राहून मोजल्या. मोजून झाल्यावर त्याने ‘द्या, नीट करून देतो’ म्हणून हात पुढे केला. सवयच ती. मी नोटा तशाच वाकड्या खिशात घातल्या.

चार लाख रुपिया गेले ते गेले. दुसऱ्या दिवशी उरलेले डॉलर बदलायला मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेले. बँक इंडोनेशियाचा, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचा, परवाना असलेल्या दुकानांत ‘पीव्हीए बेरिझिन’ असा हिरवा फलक लावलेला असतो, सहसा काचेचं स्वतंत्र दालन असतं, आत दुसरा कुठलाही माल नसतो. भाव फळ्यावरचाच, इतर चांगल्या दुकानांसारखाच, चढा नाही. पासपोर्ट बघितला, लाखाच्या नोटा मशीनवर घातल्या, आकडा माझ्या बाजूच्या पडद्यावर दिसला, छापील पावती आली. मी मोजल्यावर त्या बाईंनी नोटांना बोटसुद्धा लावलं नाही. बाहेर कुठे अशी वेळ आली आणि समोरच्याने मोजलेल्या नोटा कोणत्याही कारणाने परत ओढल्या, तर लाज न बाळगता पुन्हा पहिल्यापासून मोजा. त्याने कंटाळल्याचं तोंड केलं तर डॉलर उचला आणि निघा. म्हणूनच आपल्या हातातले डॉलर सगळं पटेपर्यंत सोडायचे नाहीत.

एटीएम वापरायचं असेल तर बँकेच्या आवारातलं बघा. यंत्रावर ५०,००० किंवा १,००,००० असं लिहिलेलं असतं, त्यातून त्याच नोटा येतात. पडद्यावर ‘तुमच्या चलनात बदलून हवेत का’ असा प्रश्न आला तर नाही म्हणायचं, तो भाव महाग पडतो. आणि तिकडच्या बऱ्याच यंत्रांत आधी पैसे बाहेर येतात, कार्ड मागाहून. पैसे घेऊन चालू पडलात तर कार्ड आतच राहतं.

त्या परवानाधारक दुकानाने माझी शंभर डॉलरची एक नोट मात्र नाकारली. बालीत डॉलर कोरे लागतात. घडी, शाई, शिक्का काही चालत नाही, आणि छोट्या नोटांना भावही कमी. माझ्या नोटेच्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेनची बारीकशी टिकली होती. आपल्याकडच्याच कुणा कॅशियरने मोजताना केलेली. ती नोट सांगलीला परत आणली आणि जिथून घेतली होती तिथेच, चार रुपये कमी भावाने, विकली.