पोर्तुगालमधील दगडी घराची ओल : सिमेंटचा गिलावा की चुन्याचा?

उत्तर पोर्तुगालच्या मिन्हो भागात सुट्टीसाठी जुने ग्रॅनाइटचे घर घेतलेल्या मुंबईकराला भिंतीवरची ओल दिसली, की पहिल्यांदा आपल्या इमारतीतले वॉटरप्रूफिंग आठवते. आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती.

सिमेंटचा गिलावा आणि त्यावर जलरोधक रंग हा मार्ग स्वस्त असून दोन आठवड्यांच्या मुक्कामात उरकतो. परंतु या घरांच्या भिंती सुमारे दोन फूट जाड, दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये माती-गोट्यांची भर अशा असतात. जमिनीतून किंवा दरजांतून शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट सिमेंट अडवते, मग ते भिंतीतच साचून वर चढते आणि काही वर्षांत लोणा लागून पोपडे सुटतात. जोत्यालगत भोके पाडून पाणी रोखणारे रसायन भरण्याचा उपायही मला भरवशाचा वाटत नाही, कारण मधल्या पोकळ भरीत त्याचा सलग थर जमणे कठीण असते.

चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील ओलावा वाफेच्या रूपाने बाहेर पडतो. मुंबईच्या फोर्ट भागातील वारसा इमारतींच्या दुरुस्तीतही चुना वापरतात, तो याच कारणासाठी. मात्र तो सावकाश घट्ट होतो, थरांमध्ये दिवस सोडावे लागतात आणि गोठवणारी थंडी त्याला सोसत नाही, त्यामुळे काम उन्हाळ्यातच काढावे लागते. जाणता गवंडी महागही पडतो. तरीही माझा कौल चुन्यालाच आहे. त्याआधी पन्हळी दुरुस्त करणे आणि भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली उतरवून चर खणणे आवश्यक आहे, कारण पाणी येतच राहिले तर चुनाही हतबल होतो.

हवा खेळती ठेवण्याबाबत मुंबईची सवय तिथे फसवते. आपल्याकडे पावसाळ्यात खिडकी उघडून घर सुकत नाही. तिथे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि बाहेरच्या थंड हवेत बाष्प कमी असल्याने, घर थोडे गरम ठेवून खिडक्या काही वेळ उघडल्यास उपयोग होतो. बंद घरासाठी आर्द्रता शोषणारे यंत्र घ्यायचे असल्यास फ्रिजप्रमाणे शीतक वायूवर चालणाऱ्या यंत्राऐवजी शोषक चक्राचे, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचे फिरते चक्र असलेले निवडावे, कारण पहिल्याची क्षमता थंडीत बरीच घटते. त्याची नळी मात्र थेट मोरीत सोडावी. टाकी भरली की यंत्र बंद पडते आणि ती रिकामी करायला घरात कोणी नसते.