स्ट्रीमिंग सेवा: एका जुन्या चॅनेलवालीचा रिव्ह्यू

चॅनेलमध्ये माझं काम एफपीसी बनवायचं. फिक्स्ड पॉइंट चार्ट, म्हणजे चोवीस तासांत कुठल्या वेळी काय लागणार याचा तक्ता. प्रेक्षकाला वाटतं चॅनेल मालिका विकतं. आत बसलेल्यांना माहीत असतं की विकले जातात ते रात्री नऊच्या ब्रेकमधले दहा सेकंद, आणि त्या दहा सेकंदांपर्यंत माणसाला बसवून ठेवण्यासाठी मालिका असते. त्यामुळे नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, डिस्ने प्लस वगैरे मंडळींकडे मी गिऱ्हाईक म्हणून पाहते तशीच प्रतिस्पर्धी म्हणूनही पाहते. हा रिव्ह्यू त्या दोन्ही नजरांनी.

आधी कौतुक. 1 फेब्रुवारी 2013 ला नेटफ्लिक्सने ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ या आपल्या राजकीय मालिकेचे तेराही भाग एका दिवसात सोडले. आमच्या धंद्याच्या हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा होता. तेरा आठवडे पुरणारा माल एका रात्रीत उधळायचा? पण त्यांचं उत्पन्न घड्याळाला बांधलेलंच नव्हतं. वर्गणी महिन्याची, मग भाग सोमवारी बघा नाहीतर पहाटे तीनला. याचा खरा फायदा लिखाणाला झाला. ब्रेकच्या आधी प्रेक्षकाला अडकवणारा हुक पॉइंट नको, ब्रेकनंतर तोच चेहरा तीनदा दाखवायला नको, आधीच्या भागाचा रीकॅप नको. गोष्ट चौतीस मिनिटांत संपली तर भाग चौतीस मिनिटांचा, सत्तर लागली तर सत्तर. आम्ही बावीस मिनिटांच्या साच्यात बसवण्यासाठी काय काय कापलंय ते मलाच ठाऊक. या एका गोष्टीसाठी मी या सेवांना पैकीच्या पैकी देते. शीर्षकगीत उडवायचं बटण 2017 मध्ये आलं तेव्हा मात्र वाईट वाटलं. त्या गाण्यांवर लोक जीव टाकून काम करतात हो.

आता पहिलं पान. सगळे म्हणतात इथे वेळापत्रक नाही, तुमच्या मनाचा कारभार. मला तर ते पान उघडताक्षणी एफपीसीच दिसते, फक्त तासांऐवजी आडव्या रांगा लावलेली. सगळ्यात वर काय, डावीकडे काय, कुठल्या कार्यक्रमानंतर कुठला आपोआप सुरू होणार, हे सगळं कोणीतरी ठरवलेलं असतं. आम्ही लोकप्रिय मालिकेच्या मागे नवी मालिका लावून तिला लीड-इन द्यायचो. इथे तेच काम ऑटोप्ले करतो. शिवाय त्यांच्याकडे एक चाल आहे जी आम्हाला कधीच जमली नसती: एकाच चित्रपटाचं पोस्टर तुम्हाला वेगळं आणि तुमच्या भावाला वेगळं. तुम्ही विनोदी बघता ना, मग त्यातल्या दोन मिनिटांच्या विनोदी नटाचा चेहरा तुमच्या पोस्टरवर. सेवा घेतल्यावर पहिलं काम हे करा की प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप लागणं आणि जाहिरातवजा झलक वाजणं दोन्ही बंद करा. नेटफ्लिक्सने झलक बंद करायची सोय 2020 मध्ये दिली, तीही लोकांनी बराच आरडाओरडा केल्यावर.

शोध मात्र बहुतेकांचा वाईट. घरी असलेल्या एका सेवेवर चित्रपटाचं अचूक नाव टाकलं तरी ती वीस भलतेच चित्रपट पुढे करते, पण ‘आमच्याकडे नाही’ हे सरळ सांगत नाही. दुकानदार इतका गोलमाल बोलला तर आपण उठून जाऊ. आणि आज आहे ते उद्या असेलच याचीही खात्री नाही. 2022 च्या अखेरीस वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी कंपनीने एचबीओ मॅक्स या आपल्याच सेवेवरून स्वतःच बनवलेल्या नामांकित मालिका काढून टाकल्या. दुसऱ्याचा माल करार संपला म्हणून गेला तर समजू शकते. इथे घरचीच मालिका घराबाहेर! पुन्हा पुन्हा बघावंसं वाटणारं काही असेल आणि त्याची डिस्क मिळत असेल, तर घेऊन ठेवा.

थेट प्रक्षेपणात या सेवा अजून कच्च्या आहेत आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टीव्हीचा सिग्नल एकदा हवेत सोडला की एक माणूस बघो नाहीतर एक कोटी, मनोऱ्याला फरक पडत नाही. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक बघणाऱ्याला वेगळा प्रवाह पुरवावा लागतो, म्हणजे गर्दी वाढेल तसा भार वाढतो. शिवाय चित्राचे छोटे तुकडे करून थोडे आधी साठवायचे आणि मग दाखवायचे, म्हणून सामना प्रत्यक्षापेक्षा मागे राहतो. शेजारच्या घरातून आरोळी आधी येते आणि तुमच्या पडद्यावर गोल नंतर होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत नेटफ्लिक्सने दाखवली, तेव्हा एका क्षणी साडेसहा कोटी प्रवाह एकाच वेळी चालू होते असं कंपनीने सांगितलं. त्याच रात्री असंख्य लोकांच्या पडद्यावर चक्र फिरत होतं. सामना आणि बातम्या यांसाठी माझं मत जुन्या टीव्हीलाच.

आणि जाहिराती. 2022 च्या पहिल्या सहामाहीत नेटफ्लिक्सचे ग्राहक घटले. दहा वर्षांहून जास्त काळात असं झालं नव्हतं. त्याच नोव्हेंबरात जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आला. ॲमेझॉनने 2024 च्या सुरुवातीला अमेरिकेत उलट केलं: चालू वर्गणीतच जाहिराती घातल्या आणि नको असतील तर वर पैसे मागितले. मला जाहिरातीचा राग नाही, तिच्यावर आमचं घर चाललंय. राग आहे तो कापण्याच्या पद्धतीचा. आमच्याकडे ब्रेक कुठे येणार हे पटकथेतच ठरायचं. प्रसंग तिथे वळण घ्यायचा. इथे ब्रेकचा विचार न करता बनलेल्या चित्रपटातही ब्रेक घुसतो, तोही कधी वाक्याच्या मधोमध. स्पर्धांचे कार्यक्रम, गप्पांचे कार्यक्रम यांना जाहिरातवाला प्लॅन चालेल. चित्रपटांसाठी घेऊ नका.

जुन्या कंपन्यांचं काय झालं, हे ग्राहकानेही बघावं, कारण त्याचा परिणाम शेवटी आपल्या रिमोटवर होतो. स्टुडिओ आपल्या मालिका इतरांना विकून बिनधोक कमाई करत होते. नेटफ्लिक्स वाढताना बघून प्रत्येकाने माल परत मागवला आणि स्वतःचं ॲप काढलं. डिस्ने प्लसला नोव्हेंबर 2019 मध्ये पहिल्याच दिवशी एक कोटी ग्राहक मिळाले, तरीही 2022 मध्ये एका तिमाहीत डिस्नेचा स्ट्रीमिंगमधला तोटा सुमारे दीड अब्ज डॉलरवर गेला. नफ्याची पहिली तिमाही उजाडली 2024 मध्ये. सीएनएनचं वेगळं ॲप 2022 मध्ये महिनाभरात बंद पडलं. शेवटी 2023 मध्ये एचबीओच्या काही मालिका नेटफ्लिक्सला दिल्या गेल्याच. तरी प्रेक्षक परत फिरलेला नाही: प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नीलसन कंपनीच्या मोजणीत मे 2025 मध्ये अमेरिकेत टीव्हीच्या पडद्यावरचा 44.8 टक्के वेळ स्ट्रीमिंगने घेतला, प्रसारण आणि केबल यांच्या बेरजेपेक्षा पहिल्यांदाच जास्त. त्यात सगळ्यात मोठा वाटा यूट्यूबचा होता, हे चॅनेलवाल्यांना जास्त झोंबलं असणार.

या भानगडीत लेखक-नट भरडले गेले. टीव्हीवर पुनःप्रक्षेपण झालं की त्यांना मानधन मिळायचं. जिथे सगळं कायमच लागलेलं असतं तिथे पुनःप्रक्षेपण कशाला म्हणायचं? आम्हाला दर आठवड्याला टीआरपी हातात यायचा, इथे आपली मालिका किती जणांनी पाहिली हे बनवणाऱ्यालाही कळत नव्हतं. 2023 मध्ये हॉलिवूडचे लेखक 148 दिवस संपावर होते त्यामागे हेही कारण होतं. त्याच डिसेंबरात नेटफ्लिक्सने प्रेक्षणाचे सहामाही आकडे जाहीर करायला सुरुवात केली. हे सगळ्यांनीच करायला हवं.

घ्यायचं तर असं घ्या: वार्षिक वर्गणीच्या मोहात पडू नका. एका वेळी एकच सेवा, एक महिना. वर्गणी भरली त्याच दिवशी नूतनीकरण रद्द करून टाका, महिना पूर्ण बघता येतोच. दर आठवड्याला एक भाग येणारी मालिका असेल तर शेवटचा भाग आल्यावर वर्गणी भरा. घरात रिमोटशी न जमणारं कोणी असेल तर मोफत चॅनेलं ठेवा. सासूबाईंना चालू टीव्ही लागतो, त्यांना निवडायला लावलं की त्या टीव्हीच बंद करतात. गोष्ट सांगण्याच्या मोकळेपणाला पाच तारे, शोधाला दोन, थेट प्रक्षेपणाला दोन, जाहिरातींच्या कापाकापीला एक. शोधाचा गोलमाल करणारी ती सेवा या महिनाअखेर बंद करतेय.