पेशी एकाच थाळीत वाढवायच्या की पडद्याआड?

सोलापुरात बायोटेकचं एमएस्सी करणाऱ्या माझ्या भाचीपुढे सध्या हा पेच आहे. विषय ठरलाय: प्रयोगशाळेत घडवलेल्या हाडाच्या ऊतीत हाड बनवणाऱ्या पेशी आणि रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात. हातात एकच सेमिस्टर, लॅबमध्ये इनक्युबेटरही एकच. दोन्ही पेशी सरळ मिसळाव्यात, की मध्ये सच्छिद्र पडदा असलेलं इन्सर्ट, म्हणजे थाळीच्या खळग्यात बसणारा छोटा कप, घ्यावं?

"इन्सर्टच घेते मामा, काम स्वच्छ होतं," ती म्हणाली. खरंय. ०.४ मायक्रॉनच्या छिद्रांतून पेशी पलीकडे जात नाहीत, त्यांनी सोडलेली रसायनं जातात. हाडपेशींकडून व्हीईजीएफ हे प्रथिन जातं, रक्तवाहिनीच्या पेशी त्यानं वाढतात. तिकडून हाड बनवायला चालना देणारं बीएमपी-२ हे प्रथिन येतं. शेवटी इन्सर्ट उचललं की दोन्ही पेशी वेगवेगळ्या. कोणती जनुकं चालू आहेत हे सांगणारा आरएनए नक्की कुणाचा, हा वादच उरत नाही.

मिसळलेल्या थाळीत तो वाद हमखास उरतो. आमच्या घरी माग होता, त्यामुळे मला हे लगेच कळतं: विणून उतरलेल्या चादरीतून नुसता ताणा बाहेर काढून दाखवा! रक्तवाहिनीच्या पेशींवर असणारं सीडी३१ हे प्रथिन ओळखणाऱ्या चुंबकीय मण्यांनी त्या पेशी ओढून काढता येतात, पण मणी महाग, आणि पेशींभोवतीचं कोलॅजन सोडवताना बऱ्याच पेशी मरतात. शिवाय दोघींना लागणारं माध्यम, म्हणजे पोषक द्रव, वेगळं, तिथेही तडजोड आलीच.

तरी माझं मत मिसळण्याकडेच. हाडातल्या ९० टक्क्यांहून अधिक पेशी ऑस्टिओसाइट, म्हणजे पक्व हाडपेशी. खनिजात अडकलेल्या, बारीक नळ्यांतून बाहू लांबवून शेजारणीला धरून बसलेल्या. बाहू टेकतात तिथे कनेक्सिन-४३ या प्रथिनाचं दार असतं: सहा रेणूंचं कडं अलीकडच्या पेशीचं, सहांचं पलीकडच्या पेशीचं. दोन्ही जुळली की कॅल्शियमचे आयन आणि साधारण १ किलोडाल्टनपर्यंतचे लहान रेणू आरपार जातात. व्हीईजीएफसारखं मोठं प्रथिन त्यातून जात नाही. म्हणजे हे संभाषणच निराळं, आणि इन्सर्टमध्ये ते मुळात सुरूच होत नाही. तिथे "परिणाम दिसला नाही" याचा अर्थ "पेशी बोलल्या नाहीत" असा काढला, की फसलो.

हाडपूर्व पेशी आणि रक्तवाहिनीच्या पेशी यांच्यातली अशीच दारं फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटानं २००२ साली तपासली. नाळेच्या रक्तवाहिनीच्या पेशींसोबत वाढवल्यावर अस्थिमज्जेतल्या हाडपूर्व पेशींचं अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे हाड घडू लागल्याची खूण असलेलं एंझाइम, वाढलं. दारं बंद करणारं ग्लिसिरेटिनिक आम्ल घातल्यावर तो परिणाम ओसरला. हे आम्ल ज्येष्ठमधाच्या कुळातलं, खोकला झाला की आजी चघळायला द्यायची त्याच.

मग वेगळं काढायचं कसं? काढूच नये. सीडी३१ एका रंगानं, कनेक्सिन-४३ दुसऱ्या रंगानं रंगवून फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली पाहावं. इन्सर्टच्या दोन-तीन विहिरी (थाळीतले खळगे) तुलनेसाठी सोबत ठेवाव्यात, बास. पेशी ज्यात वाढवतात त्या त्रिमितीय सांगाड्याच्या नादी या सेमिस्टरला लागू नये. त्यात ऑक्सिजन १००-२०० मायक्रॉनपलीकडे नीट पोचत नाही, आणि आतल्या पेशी गुदमरून गप्प झाल्या की आणखी काही, हे शोधण्यातच परीक्षा येईल.

दर दोन-तीन दिवसांनी माध्यम बदलावं लागेल, चौदा दिवस. जानेवारीत सुरू केलंस तर गड्ड्याच्या यात्रेतही लॅबला चक्कर आहेच.