ट्यूब स्क्रीमर किट: दोन पॉट चालले, तिसरा नडला

ट्यूब स्क्रीमर म्हणजे गिटारच्या आवाजाला खरखर देणारं ओव्हरड्राइव्ह पेडल, आणि हे ते घरी जोडायचं किट. पाचपैकी तीन स्टार, आणि तेही बोर्डासाठी. छपाई स्वच्छ, रेझिस्टर एक टक्क्याचे, ४५५८ या ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) साठी सॉकेटसुद्धा दिलाय. पॉटच्या (नॉबने फिरवायचा रेझिस्टर) बाबतीत मात्र विक्रेत्याने हात आखडता घेतलाय. 'उपलब्धतेनुसार समतुल्य व्हॅल्यू मिळेल' असं बारीक अक्षरात लिहिलंय, ते वाचूनच ऑर्डर करा.

मूळ पेडलमध्ये, म्हणजे टीएस-८०८ मध्ये, ड्राइव्हला (खरखर किती) ५००के लॉग, टोनला २०के, लेव्हलला (आवाज किती) १००के. 'के' म्हणजे हजार ओहम, 'एम' म्हणजे दहा लाख; लिनिअर पॉट फेरीच्या प्रमाणात सरळ वाढतो, लॉग आधी हळू आणि शेवटी झपाट्याने. किटमध्ये आले १एम लिनिअर, २२के लिनिअर आणि ४७के. लेव्हलचा ४७के बिनधास्त लावा, आधीचा ऑप-अँप तेवढा भार सहज पेलतो. टोनचा २२केही चालतो. मधे फारसं काही होत नाही आणि टोकांना एकदम बदलतं, एवढंच.

खरी रड ड्राइव्हची. तिथला गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते: (५१के अधिक पॉट) भागिले ४.७के, अधिक एक. ५००केला तो जास्तीत जास्त ११८ च्या आसपास जातो. १एम लिनिअर लावला की अर्ध्या फेरीतच ५००के भरतात, म्हणजे मूळ पेडलची अख्खी रेंज नॉब मधोमध, बाराच्या काट्यावर येईपर्यंत संपली! पुढे डायोड आधीच सिग्नलची टोकं कापत (क्लिप करत) असतात, त्यामुळे जोर वाढल्यासारखा वाटतच नाही. उलट ५१ पिकोफॅरडच्या कपॅसिटरमुळे ट्रेबल साडेपाच किलोहर्ट्झऐवजी तीनपासूनच उतरायला लागतो. गिटारच्या सगळ्यात तीक्ष्ण आवाजाच्या ब्रिज पिकअपवरसुद्धा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा.

पॉटला समांतर १एमचा रेझिस्टर जोडा, असं विक्रेत्याचं उत्तर आलं. त्याने कमाल ५००के होते हे खरं, पण अर्ध्यावर ३३३के राहतात. लॉग पॉट तिथे साधारण ७५केला असतो. ब्लूजसाठी जो हलका कुरकुरीत ड्राइव्ह हवा, तो सगळा पहिल्या चिमूटभर फेरीत कोंबलेला राहतो.

शेवटी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, ४७०के लॉग आणला. ५०० आणि ४७० मधला फरक पॉटच्या वीस टक्के टॉलरन्समध्येच (छापील व्हॅल्यूपासून चालणारा फरक) बुडतो, त्याची काळजी नको. पण घेताना काउंटरवरच मल्टिमीटर लावा: नॉब मधोमध ठेवून निम्मी व्हॅल्यू दिसली तर तो लिनिअर आहे, परत करा. बाहेरच्या पॉटची बॉडी मोठी असते, बोर्डावर बसत नाही. तीन वायरी ओढून पाठीवर इन्सुलेशन टेप मारा, नाहीतर झाकण लावताना सोल्डरिंगला टेकतो.