फ्रेंच क्रियापद: डोळ्यांनी तोडायचं की कानांनी?

बेळगावात मराठी मुलांना फ्रेंच शिकवताना क्रियापदं सिलॅबलमध्ये, म्हणजे एका झटक्यात उच्चारायच्या तुकड्यांत, दोन प्रकारे तोडता येतात: कागदावरच्या अक्षरांप्रमाणे किंवा ऐकू येतं तशी. मी कानाच्या बाजूचा आहे.

‘पार्ले’ म्हणजे बोलणे. ‘मी बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ ही रूपं कागदावर वेगळी, दोन-दोन तुकड्यांची दिसतात. तोंडात दोन्ही एकच, ‘पार्ल’, एकच सिलॅबल. शेवटची अक्षरं मुकी. ‘आम्ही बोलतो’ मात्र ‘पार-लों’, आणि आघात (उच्चाराचा जोर) शेवटच्या ‘लों’वर.

इथे आपली मराठी मदतीला येते. ‘झाड’ लिहितो दोन अक्षरांत, म्हणतो ‘झाड्’. कन्नडमधल्या ‘मर’ (झाड) या शब्दात शेवटचा अ पूर्ण उच्चारतात, बसची ‘बस्सु’ होते. त्यामुळे घरात मराठी आणि शाळेत कन्नड असलेल्या मुलाला मी सांगतो, ‘पार्ल’ म्हणताना घरची सवय लाव.

कागदाची पद्धत टाकाऊ नाही. ‘आप्ले’ (हाक मारणे) घ्या. ‘मी’च्या रूपात ‘आपेल’, आघात ‘पेल’वर, म्हणून ए ठळक आणि लिहिताना ल दोनदा. ‘आम्ही’च्या रूपात ‘आप्लों’. आघात पुढे सरकला, बोलताना ए गळाला, लिहिताना ल एकच. श्रुतलेखनात चूक नेमकी इथेच होते, आणि ती डोळ्यांनीच पकडावी लागते. फ्रेंच छंदोबद्ध कवितेत तर व्यंजनापूर्वीचा मुका ए मोजावाही लागतो. पण तिथवर जायच्या आधी टाळी वाजवत ‘पार्ल, पार-लों’ म्हणून घ्यावं.