'फॅट मेल्ट' इंजेक्शन आणि माझे 54,900 रुपये

दवाखान्याचं नाव देत नाही, वकिलांनी बजावलंय. पण 'मेटाबॉलिझम करेक्शन'च्या पाट्या आता गल्लोगल्ली लागल्यात, समजणाऱ्याला समजेल.

आधी हिशोब. तपासणी 1,500. बारा इंजेक्शनांचं पॅकेज 48,000. न मागता गळ्यात मारलेली पावडर 5,400. त्यातले 20,000 यूपीआयने, बाकी रोख, कारण म्हणे 'ऑफर कॅशवरच आहे'. रोख देऊ नका हो, काही झालं तरी! पक्कं बिल मागितलं, ते अजून 'काढतोय'.

अनवाणी एका काट्यावर उभं केलं, चिठ्ठी आली : मेटाबॉलिक एज 54. मी 38ची. पीसीओएस, थायरॉईड, भात सोडूनही वजन हलत नाही. अशा बाईला पांढऱ्या कोटातला माणूस 'तुमच्यात कार्निटिन कमी, चरबी जळतच नाही' म्हणाला, तर ती ऐकणारच ना? त्यात अर्धं खरंही आहे. कार्निटिनच फॅटी अ‍ॅसिडं, म्हणजे चरबीचे घटक, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ती जळतात त्या भट्टीत, नेतं. फक्त ते माझ्यात कमी असल्याचं या महाशयांनी रक्ताचा थेंबही न घेता ओळखलं. रक्तातली कार्निटिनची पातळी मोजता येते. रिपोर्ट मागून बघा, चेहरा कसा पडतो.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते. माझे वडील डायलिसिसवर आहेत. सेशन संपताना सिस्टर परतीच्या नळीतून पाच मिलीचं एक अँप्युल सावकाश देते. मीच ते मेडिकलमधून आणते. आणि इथे तेच अँप्युल, वर 'फॅट मेल्ट'चं गुलाबी स्टिकर! तिरपं चिकटवलेलं, खालून 'लेव्होकार्निटिन 1 ग्रॅम', म्हणजे तेच कार्निटिन, स्पष्ट डोकावत होतं. मी विचारलंसुद्धा. 'पप्पांचं किडनीचं असतं, तुमचं मेटाबॉलिझमचं,' असं म्हणत बाईंनी पिवळ्या सलाइनमध्ये ते ढकललं. हात त्यांच्या ताब्यात, सुई आत, तेव्हा काय वाद घालणार? वडिलांच्या बिलात त्याची किंमत तीन आकडी असते. मला पडलं 4,000ला.

औषध बोगस नाही, म्हणून तर माणूस फसतो. प्रोपिऑनिक किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडेमियासारखा जन्मजात दोष असलेलं बाळ अत्यवस्थ होतं, तेव्हा हेच शिरेतून देतात. डायलिसिसमध्ये रक्तातलं कार्निटिन निघून जातं, म्हणून तिथेही लागतं. ज्याला कमतरताच नाही, त्याच्या शरीरातून जास्तीचं लघवीवाटे बाहेर. माझे चार-चार हजार कुठे गेले, ते सांगायला नको.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, 'इंजेक्शन दिलं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.' औषधांच्या कार्यालयात स्टिकरचा फोटो दाखवला, तर 'माल अस्सल आहे, अर्ज आवक-जावकला द्या'. आवक-जावकचा माणूस जेवायला गेलेला, तो बहुधा अजून जेवतोय. डॉक्टरांच्या परिषदेत कळलं की हा इसम त्यांच्या नोंदणीतच नाही, सबब तक्रार घेता येत नाही. अहो, नोंदणी नाही हीच तर तक्रार आहे! प्रत्येकाने हसून पुढच्या खिडकीकडे बोट दाखवलं. एकीने वर विचारलं, 'पण थोडं तरी उतरलं का वजन?'

अँप्युल फोडण्याआधी हातात घ्या, फोटो काढा. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी दाखल केलाय.

काल दवाखान्यातून मेसेज आला : उरलेली सात इंजेक्शनं 31 तारखेपर्यंत घेतली नाहीत, तर पॅकेज बाद.